पहिली खबर देणारी

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, यावर 18 फेब्रुवारी 2006 रोजी शिक्कामोर्तब झाले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. एच5एन1 हा विषाणू भारतात अधिकृतपणे नोंदला गेला तो तेव्हा पहिल्यांदा. फेब्रुवारी 2026 मध्ये त्याला 20 वर्षे होतात. नवापूर म्हटले की मोठमोठी शेड, पांढऱ्या कपड्यांतली पथके आणि पुरण्यासाठी खोदलेले खड्डे आठवतात. त्यानंतर महिन्याभरात जे घडले ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही, आणि शेगावकरांसाठी तोच भाग महत्त्वाचा आहे.

मार्चमध्ये लागण जळगाव जिल्ह्यात निघाली, ती बहुतांशी घरोघरच्या गावरान कोंबड्यांमध्ये. पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरजवळचे इच्छापूर. जळगाव जिल्हा मलकापूरकडून आपल्या बुलडाणा जिल्ह्याला लागून आहे आणि बऱ्हाणपूर जळगाव जामोदच्या डोंगराकडून. अगदी अलीकडे, फेब्रुवारी 2025 मध्ये, शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातल्या खेर्डा येथे हजारो कोंबड्या याच रोगाने गेल्या. हा रोग आपल्या शिवारांना वेढा घालून फिरतो आहे. त्याला अडवायचे तर खर्च येणार. तो कोणी उचलायचा, हा या घडीचा खरा प्रश्न आहे.

हा भार पशुपालकांनीही उचलावा, असा विचार जगात अनेक ठिकाणी रुजला आहे. जर्मनीत प्रत्येक प्रांताचा पशुरोग निधी असतो. जनावरे आणि कोंबड्या पाळणारे त्यात वर्गणी भरतात आणि वर्गणी किंवा नोंदणी चुकली तर भरपाई हातची जाऊ शकते. ऑस्ट्रेलियात 2002 पासून सरकार आणि पशुउद्योग यांच्यात करार आहे. साथ आली की सरकार आधी पैसे घालते, मग उद्योग आपला वाटा आकारणीतून फेडतो. इंग्लंडने 1 ऑक्टोबर 2024 पासून परसात एकच कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची केली. ती नोंदणी फुकट आहे, पण यादी तयार झाली की आकारणीची वाट सोपी होते, हे कोणीही ओळखेल.

आपल्याकडे असा रोग उपकर नाही. रोग रोखण्यासाठी पक्षी मारले (कलिंग) की भरपाईचा निम्मा भार केंद्र आणि निम्मा राज्य उचलते. तरी साथी वाढत जातील तशी वर्गणीची कल्पना आपल्याही दाराशी येणार. ती मुळातच चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. हजारो पक्ष्यांचे शेड चालवणारा आणि त्याला पिले-खाद्य पुरवणारी कंपनी यांनी रोगाच्या जोखमीचा वाटा उचलणे न्यायाचेच आहे. आमचे म्हणणे एवढेच की या निधीसाठी अंगणातल्या कोंबडीकडे हात पसरू नये, कारण ती पाळणारी बाई हा खर्च आधीपासूनच भरते आहे.

ती कसा भरते, हे नीट पाहिले पाहिजे. खारपाणपट्ट्यातले कुठलेही गाव घ्या. विहिरीचे पाणी खारे, शेत पावसावर, हाताला काम कपाशी-सोयाबीनच्या हंगामापुरते. अशा घरात आठ-दहा कोंबड्या, एखादा कोंबडा, चार तलंगा आणि एक खुडूक बसलेली असते. खाद्याचा खर्च जवळपास नाही: उकिरडा, सांडलेले दाणे, घरातले उष्टे. अंडी विकून आलेला पैसा नवऱ्याच्या हातात न जाता तिच्याच डब्यात राहतो. पोराची वही, अकोल्याच्या दवाखान्याचे एसटीभाडे, सणावाराचे तेल हे त्यातून निघते. अडचण आली तर कोंबडा बाजारात नेता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या आदिवासी वाड्यांवर तर पाहुणा आणि पूजा दोन्हींना कोंबडी लागते. 2019 च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी 31 कोटी 70 लाखांच्या घरात भरले, म्हणजे 2012 पेक्षा सुमारे 46 टक्के जास्त. त्याच काळात व्यावसायिक शेडमधले पक्षी पाच टक्केही वाढले नाहीत.

या घरात मर लागली की सगळे त्याला आधी मानमोडी, म्हणजे राणीखेतच समजतात. राणीखेत दरवर्षी येतोच, त्यामुळे दोन कोंबड्या माना टाकून मेल्या तर कोणी दचकत नाही. मानमोडीवर लस आहे आणि ती आपल्याच राज्यात, पुण्यात तयार होते. पण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची. ती थंड राहिली पाहिजे आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवली पाहिजे. दहा कोंबड्यांची मालकीण ती एकटी कशी आणणार? गल्लीतल्या पंधरा घरांची एक सकाळ ठरवून लस टोचणारे कोणी असले तर हे काम होते. बहुतेक गावांत तसे कोणी नाही. लसीअभावी मेलेल्या कोंबड्या हीच तिची पहिली वर्गणी.

दुसरी वर्गणी जास्त जड आहे. बर्ड फ्लू निघाला की बाधित जागेभोवतीच्या एक किलोमीटर परिघातले पक्षी मारले जातात. 2021 मध्ये आपल्या राज्यात ठरलेली भरपाई अशी होती: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला 90 रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला 70, पिलाला 20, अंड्याला 3. गावरान कोंबडी बाजारात सहज चारशे-पाचशेला जाते. शेडमधल्या पक्ष्यासाठी बांधलेला दर अंगणातल्या पक्ष्याला लावला की पाचातले चार रुपये मालकिणीच्या अंगावर पडतात. त्याहून वाईट म्हणजे ही भरपाई पथकाने मारलेल्या पक्ष्यांची असते. रोगाने आधीच मेलेल्यांची नसते. म्हणजे जिच्या दारात रोग पहिल्यांदा आला, जिचे खुराडे पथक येण्याआधीच रिकामे झाले, तिला सर्वांत कमी मिळते.

संसर्गजन्य रोगाची खबर देणे हे 2009 च्या केंद्रीय कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पण ज्या खबरीने स्वतःच्या हाती काही लागत नाही आणि शेजारणींच्या कोंबड्या मात्र मारल्या जातात, ती कोण देईल? ती बाई मेलेली कोंबडी गुपचूप नाल्यात टाकेल आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी बाजारात नेईल. रोग मग टोपलीतून पुढच्या गावी जाईल. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा येथे जानेवारी 2021 मध्ये महिला बचत गटाच्या शेडमध्ये शेकडो कोंबड्या मेल्या. ती मर वर कळली म्हणून परिघ आखता आला. राज्याच्या रोगनियंत्रणाची सगळी यंत्रणा अशा एका कळवण्यावर उभी आहे.

शेगाव तालुक्याने हे माणसांच्या बाबतीत अनुभवले आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुळापासून गळू लागले. लग्नाच्या पोरी, शाळकरी मुले यांना तोंड लपवावेसे वाटत होते. तरी लोक पुढे आले, डोकी दाखवली, रक्त दिले. म्हणून दिल्ली-चेन्नईपर्यंतचे तज्ज्ञ या मातीत आले. तेव्हा कोणी तपासणीपोटी घरटी पैसे मागितले असते तर किती जणांनी डोक्यावरचा रुमाल काढला असता?

मेलेल्या जनावराची भरपाई देता येत नाही, असेही नाही. 2022 च्या लम्पीत बुलडाणा जिल्ह्याला मोठा फटका बसला. तेव्हा राज्याने दगावलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये दिले. लसही फुकट टोचली. गाईसाठी जे तत्त्व मान्य झाले ते कोंबडीला नाकारण्याचे कारण काय? तिची किंमत कमी आहे हे कारण असेल तर तो खर्चही कमीच आहे.

उद्या रोग निधी उभारायचा ठरला तर तो खासगी हॅचरीच्या पिलामागे आणि कंपनीच्या खाद्याच्या पोत्यामागे घ्यावा. मोजणीची ती सोपी जागा आहे. ऑस्ट्रेलियात अंड्याच्या कोंबड्यांची आकारणी उबवणुकीतून निघणाऱ्या पिलांवरच होते. खुडूक कोंबडीखाली निघालेले पिलू त्यात आपोआप येत नाही. सरकारी उबवणी केंद्रांतून योजनेत वाटली जाणारी वनराज-गिरिराजची पिलेही त्यातून वगळावीत. जुलै 2025 मध्ये पशुपालनाला शेतीसमान दर्जा देताना राज्याने 25 हजार मांसल आणि 50 हजार अंड्याच्या पक्ष्यांपर्यंत रेषा आखली. वरची रेषा आखता येते, तर खालचीही येते. शंभर पक्ष्यांच्या आत आकारणी नाही, आणि गावात पहिल्यांदा मर कळवणाऱ्या घराला मेलेल्या पक्ष्यांसकट बाजारभावाने, महिन्याच्या आत, बाईच्या खात्यावर पैसे, एवढे दोन नियम लिहून काढायला फार मोठी समिती लागत नाही. अकोल्याची पशुवैद्यक संस्था इथून तासाभराच्या अंतरावर आहे. जिल्हा परिषदेने तिच्याशी बोलून पावसाळ्यानंतर शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या प्रत्येक गावात मानमोडीच्या लसीची एक सकाळ ठरवावी. कोंबडी दगावली तर कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याच सकाळी प्रत्येक घरात पोचला पाहिजे.