विश्लेषण : फवारणीनंतरही लाल कोळी का वाढतो?

ऊन तापू लागले की वांगी, भेंडीपासून बाल्कनीतल्या गुलाबापर्यंत पानांवर बारीक पांढुरके ठिपके दिसू लागतात. पुढे पाने पिवळी-तांबूस होतात, शेंड्यावर जाळी चढते. नेहमीचे कीटकनाशक मारले तरी फरक पडत नाही. उलट प्रादुर्भाव वाढतो. असे का होते?

लाल कोळी म्हणजे नेमके काय?
ती कीड आहे, पण कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, प्रौढ लाल कोळीला आठ. त्याचे नाते गोचिडाशी. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला राहून रस शोषतो. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत आणि वरवरची फवारणी पोहोचत नाही.

संख्या इतक्या झपाट्याने कशी वाढते?
उष्ण, कोरडी हवा त्याला मानवते. तापमान 30 अंशांच्या आसपास असेल, तर आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. एक मादी साधारण 100 अंडी घालते. पिढ्या भराभर बदलत असल्याने औषधाला दाद न देणारे कोळी लवकर तयार होतात.

फवारणी उलटते कशी?
सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधांनी लाल कोळी खाणारे परभक्षी कोळी आणि ढालकिडे मरतात, लाल कोळी उरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा वापर वाढला, तेव्हा अनेक देशांतील फळबागांत हेच घडले.

मग करायचे काय?
पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले, तर तो कोळी समजा. कुंडीतल्या झाडाची पाने खालच्या बाजूने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. शेतात त्या पिकासाठी शिफारस असलेलेच कोळीनाशक वापरा आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातील निवडा. गंधक कडक उन्हात फवारू नका, पाने करपतात.

खरा प्रश्न सल्ल्याचा
औषध विकणारा आणि सल्ला देणारा बहुतेकदा एकच असतो. चुकीच्या बाटलीचे पैसे मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जातात. गावपातळीवर भिंग घेऊन पान तपासणारा कृषी कर्मचारी वेळेवर मिळाला, तर निम्म्या फवारण्यांची गरज आहे का, हे तरी कळेल.