फोटोत चमचा दिसत नाही

गेल्या अन्नप्राशन दिवसानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे. एका आदिवासी प्रकल्पातल्या अंगणवाडी सेविकाताईंनी ती सगळ्यांत नेमकी लिहिली आहे. साडेसहा महिन्यांची मुलगी आईच्या मांडीवर ताठ बसली होती. ताईंनी लाल भोपळ्याची वाफवलेली, बोटभर लांब फोड तिच्या हातात दिली. मुलीने ती मुठीत आवळली. अर्धी फोड मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, उरलेली तोंडात गेली. तिने तोंड वेडेवाकडे केले, थांबली आणि पुन्हा हात पुढे केला. ताईंनी त्याच क्षणी फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुपारी निरोप आला : “फोटोत वाटी-चमचा दिसत नाही. कार्यक्रम धरला जाणार नाही. परत घ्या.” दुसऱ्या दिवशी मायलेकींना पुन्हा बोलावले, आईचा मजुरीचा दिवस बुडाला. वाटी रिकामी होती. चमचा मुलीच्या ओठांना टेकवून फोटो काढला आणि तो लगेच मंजूर झाला.

रिकामी वाटी चालते आणि भरलेली मूठ चालत नाही, हे कोणत्या आहारशास्त्रात बसते? लेखी आदेश दाखवा म्हटल्यावर या ताईंना कोणी कागद दाखवला नाही. “वरून सांगितलंय” एवढेच उत्तर मिळाले. १ जुलै २०२५ पासून टीएचआर (घरी न्यायचा शिधा) देताना चेहरा जुळवण्याची सक्ती आली, तेव्हापासून सेविकेची सकाळ मोबाइल उंच धरून रेंज शोधण्यात जाते. आईजवळ बसून घास दाखवायला उरलेली दहा मिनिटेही आता चमच्याच्या फोटोत घालवायची काय?

पूरक आहाराबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २००३ मध्येच सांगितले होते की आठ महिन्यांपर्यंत बहुतेक बाळे हाताने उचलून खाऊ शकतात आणि वर्षाच्या आत-बाहेर घरचेच जेवण जेवू शकतात. ब्रिस्टॉल परिसरातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात, ज्यांना नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाठीगुठळ्यांचे अन्न मिळाले, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सातव्या वर्षीही जास्त होत्या आणि त्यांच्या ताटात भाज्या-फळे कमी होती. चावण्याचे वळण लागायचा एक काळ असतो. तो मिक्सरमध्ये घालवला की पुढे “आमचं काही खातच नाही” हे गाऱ्हाणे घेऊन तीच आई आपल्याकडे येते.

यात दोष फक्त कार्यालयाचा नाही, आपलाही आहे. आजही आपल्यातल्या काही जणी डाळीचे वरचे पाणी आणि पातळ पेज सांगतात. गृहभेटीत तेरा महिन्यांचे, सहा दात आलेले मूल मिक्सरमधली खिचडी खाताना दिसते आणि आपण वजन लिहून पुढच्या घरी जातो. आईने विचारलेच तर “घशात अडकेल, बारीकच करा” हे ठरलेले उत्तर असते. या भीतीला तपासून पाहायला हवे. न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१६ मध्ये आले) हाताने खाणाऱ्या आणि चमच्याने भरवलेल्या बाळांत घास अडकण्याचे प्रमाण सारखेच निघाले. हाताने खाणाऱ्या बाळांच्या घरच्यांना कोणता घास सुरक्षित, हे आधी नीट शिकवले होते. तरीही दोन्ही गटांतल्या पुष्कळ घरांनी घशात अडकू शकणारे पदार्थ दिलेच होते. म्हणून आपण बोलायचे ते घासाच्या आकाराबद्दल आणि मऊपणाबद्दल.

फोड आपल्या अंगठ्यात आणि तर्जनीत दाबली की चुरडली पाहिजे. बाळाच्या मुठीतून ती थोडी बाहेर डोकावेल इतकी लांब हवी. भोपळा, रताळे, पिकलेले केळे, नाचणीच्या मऊ धिरड्याची पट्टी, अंड्याच्या पोळीची पट्टी, वरणात भिजून लिबलिबीत झालेला चपातीचा लांब तुकडा, हे सगळे चालते. टीएचआरचे पीठ घट्ट शिजवून ताटलीत थापले आणि गार झाल्यावर बोटाएवढे कापले तर तेही मुठीत बसते. शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर, गोल चकत्या अजिबात नकोत. बाळ ताठ बसलेले हवे आणि समोर मोठे माणूस हवे. रांगता रांगता खाणे नको.

चमचा फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. परदेशातले काही उत्साही लोक निव्वळ हातानेच खाऊ घालायला सांगतात. आपल्या सॅम-मॅमच्या (तीव्र आणि मध्यम कुपोषित) बाळांना ते परवडणारे नाही. त्यांना वाटीतला घट्ट, तेल घातलेला वरणभात भरवलाच पाहिजे आणि लोह मिळेल असा घास रोज पोटात गेलाच पाहिजे. मात्र त्याच वाटीशेजारी एक फोड बाळाच्या हातात द्या. सांडेल तेवढे सांडू द्या, आधी हात धुवा, खाली स्वच्छ कापड अंथरा.

खरी उणीव आहे ती सरावाची. उबळ आणि गुदमरणे यांतला फरक आपल्यापैकी किती जणी आईला करून दाखवू शकतात? खोकत असेल, आवाज येत असेल, तोंड लाल झाले असेल तर ती उबळ आहे. बाळ स्वतः घास बाहेर काढते, तोंडात बोट घालायचे नाही. आवाज बंद झाला, खोकला येईना, ओठ निळसर दिसू लागले तर मात्र एक क्षणही दवडायचा नाही. बाळाला हातावर पालथे घ्यायचे, डोके खाली, खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळव्याच्या टाचेने पाच वेळा दाब. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवायचे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करायचा. हे वाचून येत नाही, हातांना सवय लागते.

म्हणून पर्यवेक्षिकांना विनंती आहे : येत्या बीट बैठकीत नोंदवह्या उघडण्याआधी अर्धा तास यासाठी काढा. कापडाची बाहुली शिवून न्या, प्रत्येक सेविकेला आणि आशाला ती पालथी घ्यायला लावा, थापा मारायला लावा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा. आले नाहीत तर तसे इतिवृत्तात लिहा.

आणि सेविकाताईंनो, पुढच्या अन्नप्राशन दिवशी भोपळ्याची फोड मुठीत असलेला फोटोच पाठवा. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. मिळालेल्या कागदाची प्रत आमच्याकडे पाठवा. तुमचे आणि गावाचे नाव गाळून आम्ही ती इथेच छापू आणि आयुक्तालयालाही पाठवू.