विश्लेषण : शाळा ‘क्लाउड’वर गेली, पण मुलांच्या माहितीची राखण कोण करणार?

करोनाकाळात सोय म्हणून आलेली गुगल क्लासरूम, गुगल फॉर्म, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारखी साधने आता शाळांच्या रोजच्या कामाचा भाग झाली आहेत. गृहपाठ, चाचणी, हजेरी, निकाल असे बरेच काही ब्राउझरच्या एका खिडकीतून होते. शिक्षकांचा वेळ वाचतो आणि मुलांनाही नवे काही शिकता येते. मात्र याच वाटेने मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल क्रमांक, गुण अशी माहिती शाळेबाहेरच्या सर्व्हरवर जाते. मुलांच्या माहितीबाबतचा नवा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत असताना शाळांनी आणि पालकांनी काय लक्षात घ्यायला हवे?

वर्गातील ‘क्लाउड’ म्हणजे नेमके काय?

पूर्वी शिक्षकाने तयार केलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकात किंवा पेन ड्राइव्हमध्ये असे. आता ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि खाते उघडले की कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर दिसते. गुगलची ‘वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ ही सेवा पात्र शिक्षणसंस्थांना मूळ स्वरूपात मोफत मिळते. २०२१ पर्यंत ती ‘जी सूट फॉर एज्युकेशन’ या नावाने ओळखली जाई. मायक्रोसॉफ्टही शाळांना वर्ड, एक्सेल आणि टीम्सची ऑनलाइन आवृत्ती मोफत देते. या साधनांसाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही. ब्राउझर आणि इंटरनेट असले की पुरते.

महाराष्ट्रात हे कधी सुरू झाले?

ऑगस्ट २०२० मध्ये टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना राज्य सरकारने गुगलशी भागीदारी जाहीर केली. सुमारे २ कोटी ३० लाख विद्यार्थी आणि शिक्षकांपर्यंत गुगल क्लासरूम, फॉर्म, मीट ही साधने पोहोचवण्याचे उद्दिष्ट तेव्हा सांगण्यात आले होते. शाळा पुन्हा भरल्या तरी ही साधने गेली नाहीत. प्रशिक्षणाची नोंदणी असो वा वर्गाची माहिती मागवणे असो, ‘लिंक भरा’ हा निरोप शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर नित्याचा झाला आहे.

दुसऱ्या बाजूला साधनांची उपलब्धता अजून अपुरी आहे. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६३.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे तीनपैकी एका शाळेत अजूनही इंटरनेट नाही. तिथे ‘डिजिटल वर्ग’ चालतो तो बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या रिचार्जवर.

शिक्षकांना याचा खरा उपयोग कोणता?

सर्वांत ठळक उपयोग वेळेचा आहे. गुगल फॉर्ममध्ये प्रश्नमंजूषा करून योग्य उत्तरे नोंदवली की बहुपर्यायी चाचणी आपोआप तपासली जाते आणि कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला, हे लगेच दिसते. साठ मुलांच्या वर्गात अपूर्णांकांचा तिसरा प्रश्न निम्म्यांचा चुकला असेल, तर दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे हे शिक्षकाला वेगळे शोधावे लागत नाही.

क्लासरूममध्ये एकच कार्यपत्रिका प्रत्येक मुलाला स्वतंत्र प्रत म्हणून देता येते. गुगल डॉक्समधील ‘व्हर्जन हिस्ट्री’ ही सोय तर अनेकांना माहीतच नसते. एखाद्या लेखात कोणता मजकूर कधी आणि कोणत्या खात्यावरून लिहिला गेला, याची नोंद तिथे राहते. गटप्रकल्पात एकानेच काम केले का, निबंध टप्प्याटप्प्याने लिहिला गेला की एका क्षणात आयता चिकटवला गेला, याचा अंदाज त्यावरून येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून घेणे सोपे झालेल्या काळात ही नोंद ‘एआय ओळखणाऱ्या’ बेभरवशाच्या साधनांपेक्षा अधिक उपयोगाची ठरते. मात्र तिलाही अंतिम पुरावा मानता येत नाही. एखादे मूल आधी वहीत लिहून मग टंकत असेल, तर नोंद वेगळीच दिसेल.

ब्राउझरमधील कोणत्या सोयी दुर्लक्षित राहतात?

मराठी माध्यमाच्या वर्गासाठी दोन सोयी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे बोलून लिहिण्याची. गुगल डॉक्समध्ये मराठीतून बोलले की मजकूर उमटतो. देवनागरी टंकन न येणाऱ्या शिक्षकाला आणि हाताने लिहिण्यास अडचण असलेल्या मुलाला तिचा मोठा आधार होतो. दुसरी सोय पानाच्या भाषांतराची. क्रोम ब्राउझर इंग्रजी संकेतस्थळ मराठीत दाखवू शकतो. शास्त्रीय संज्ञांचे भाषांतर अनेकदा फसते. तेव्हा ते जसेच्या तसे मुलांपुढे ठेवण्याऐवजी शिक्षकाने आधी नजरेखालून घालणे आवश्यक ठरते.

याशिवाय जाहिराती आणि इतर पसारा बाजूला ठेवून फक्त मजकूर दाखवणारा ‘रीडिंग मोड’ लक्ष विचलित होणाऱ्या मुलांना उपयोगी पडतो. इंटरनेट अधूनमधून जाणाऱ्या गावांत डॉक्स आणि शीट्स ‘ऑफलाइन’ वापरण्याची सोय आधीच सुरू करून ठेवता येते. केलेले काम जोडणी आल्यावर आपोआप वर चढते.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका खात्याचा. संस्थेने दिलेले खाते आणि वैयक्तिक जीमेल दिसायला सारखे असले तरी त्यांचे नियम वेगळे आहेत. संस्थेच्या खात्यात क्लासरूम, डॉक्स, ड्राइव्ह, मीट या मुख्य सेवांमध्ये जाहिराती दाखवल्या जात नाहीत आणि त्यातील माहिती जाहिरातींसाठी वापरली जात नाही, अशी गुगलची हमी आहे. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी काही बंधने आपोआप लागू होतात. यूट्यूब, नकाशे यांसारख्या ‘अतिरिक्त’ सेवांना मात्र हीच हमी लागू नाही. त्या चालू ठेवायच्या की बंद, हे संस्थेचा प्रशासक ठरवतो. वैयक्तिक खात्याला असा प्रशासकच नसतो. शिक्षकाने आपल्या खासगी जीमेलवर वर्गाची यादी ठेवली आणि त्यांची बदली झाली, तर ती यादी त्यांच्यासोबतच जाते. शाळेला ती परत मिळवण्याचा किंवा पुसण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरा धोका लिंकचा. ‘लिंक असलेला कोणीही पाहू शकेल’ असा पर्याय निवडला की ती शीट व्हॉट्सॲपवरून कुठेही जाऊ शकते. मुलांची नावे, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खाते असे रकाने असलेली शीट सर्वांना संपादनासाठी खुली ठेवली, तर प्रत्येक शाळेला इतर सर्व शाळांच्या मुलांची माहिती दिसते. यात कोणी ‘हॅक’ करण्याची गरजच नसते.

तिसरा धोका सामायिक संगणकाचा. संगणक कक्षात एकाने ‘पासवर्ड जतन करायचा का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की पुढच्या तासाला बसणाऱ्याला त्याचे खाते उघडे मिळते.

‘इन्कॉग्निटो’ वापरले की माहिती सुरक्षित राहते का?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की त्या संगणकावरचा इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, एवढेच. भेट दिलेले संकेतस्थळ, शाळेचे नेटवर्क आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना वापर दिसू शकतो. अमेरिकेत याच मुद्द्यावर गुगलविरुद्ध खटला चालला. या खासगी खिडकीतून जमा झालेल्या वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याची तयारी कंपनीने २०२४ मध्ये तडजोडीत दाखवली. सामायिक संगणकासाठी ‘गेस्ट मोड’ अधिक योग्य असतो. त्यात आधीच्या वापरकर्त्याचे पासवर्ड आणि बुकमार्क दिसत नाहीत आणि खिडक्या बंद होताच नोंदी पुसल्या जातात.

डेन्मार्कमधील वाद काय सांगतो?

या प्रश्नाचा सर्वांत सखोल कायदेशीर कीस डेन्मार्कमध्ये पाडला गेला. हेलसिंगोर या नगरपालिकेच्या शाळांत मुलांना क्रोमबुक आणि गुगलची खाती देण्यात आली होती. आपल्या मुलाचे नाव शाळेच्या खात्यामुळे यूट्यूबवर उघड झाल्याची तक्रार २०१९ मध्ये एका पालकाने केली. चौकशीनंतर तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्या नगरपालिकेत या साधनांच्या वापरावर बंदी घातली. धोक्यांचे पुरेसे मूल्यमापन केले नाही, असा ठपका कंपनीवर नव्हे, तर नगरपालिकेवर होता. शाळांचे काम अडल्याने बंदी काही आठवड्यांत तात्पुरती स्थगित झाली, पण प्रकरण मिटले नाही. जानेवारी २०२४ मध्ये प्राधिकरणाने ५३ नगरपालिकांना आदेश दिला. शिकवण्यासाठी माहिती वापरणे मान्य, पण कंपनीला तिची सेवा सुधारण्यासाठी मुलांची माहिती देण्यास शाळांना कायदेशीर आधार नाही, असा त्याचा आशय होता.

साधन वापरायचे की नाही, असा हा वाद नव्हता. ते कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या अटींवर वापरायचे, हा होता.

भारतात असे काही घडले आहे का?

प्रश्न खासगी कंपन्यांपुरता मर्यादित नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने मे २०२२ मध्ये ४९ देशांतील शैक्षणिक साधनांची पाहणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या साधनांपैकी ८९ टक्के साधनांच्या पद्धती मुलांच्या हक्कांना बाधक ठरू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या यादीत केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ॲपही होते. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकाने ‘दीक्षा’ची माहिती असलेला एक क्लाउड सर्व्हर वर्षाहून अधिक काळ असंरक्षित राहिल्याचे वृत्त दिले. त्यात १० लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक, ईमेल पत्ते आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती होती. सर्व्हर कितीही भक्कम असला तरी तो नीट बंद केलेला नसेल तर उपयोग नाही, हे त्यातून दिसले.

नवा कायदा काय म्हणतो?

‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांचा माग काढणे, वर्तनावर देखरेख ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. याचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शिक्षणसंस्थांना यात मर्यादित सूट आहे. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक तेवढी देखरेख त्या करू शकतात. म्हणजे हजेरीची नोंद किंवा गृहपाठाचा मागोवा यासाठी शाळेची अडवणूक होणार नाही. मात्र एक तरतूद शाळांनी नीट वाचण्यासारखी आहे. माहिती कशासाठी वापरायची हे जो ठरवतो, तोच तिच्यासाठी जबाबदार. प्रत्यक्ष साठवण दुसऱ्या कंपनीकडे दिली तरी ही जबाबदारी टळत नाही. ‘माहिती गुगलकडे होती’ हे उत्तर शाळेला किंवा शिक्षण विभागाला देता येणार नाही.

मुलांना हे सारे शिकवणे कितपत गरजेचे?

‘असर २०२४’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. मात्र समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के मुलांनाच पासवर्ड बदलता येतो आणि आपले प्रोफाइल खासगी करणे सुमारे ५५ टक्के मुलांना माहीत आहे. म्हणजे फोन हाती आला, पण त्याचे कुलूप कसे लावायचे हे जवळपास निम्म्यांना ठाऊक नाही. वर्गात क्लासरूमचे खाते उघडून देतानाच पासवर्ड बदलणे, काम झाल्यावर खाते बंद करणे, लिंक कोणाला खुली आहे ते पाहणे, या तीन गोष्टी शिकवता येतात. त्यासाठी वेगळ्या तासिकेची गरज नाही.

शाळांना लगेच काय करता येईल?

विद्यार्थ्यांची माहिती शक्यतो संस्थेच्या खात्यावरच ठेवणे आणि त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावणे, ही पहिली पायरी. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत ‘पॉवरस्कूल’ या शालेय नोंदींच्या सेवेतून मोठ्या प्रमाणावर माहिती चोरीला गेली, तीही चोरलेल्या लॉगिनच्या आधारे. दुसरी पायरी फॉर्ममधील रकाने कमी करणे. सहलीच्या संमतीसाठी आधार क्रमांक लागत नाही. तिसरी, काम संपल्यावर लिंक बंद करणे आणि शैक्षणिक वर्ष संपताना जुन्या शीट पुसणे. चौथी, संगणक कक्षात गेस्ट मोड आणि ब्राउझरच्या एक्स्टेन्शनवर मर्यादा. कारण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागणारे एक्स्टेन्शन वर्गाची शीटही वाचू शकते.

यातील बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण त्या एकट्या शिक्षकावर सोडता येणार नाहीत. ज्या शिक्षकाला शाळेने खाते दिले नाही, फोन दिला नाही आणि तरीही संध्याकाळपर्यंत लिंक भरण्याचा निरोप पाठवला, तो खासगी जीमेलच वापरणार. त्यामुळे माहिती मागवणाऱ्या कार्यालयानेच सुरक्षित खाते पुरवणे, लागेल तेवढीच माहिती मागणे आणि ती कधी पुसणार हे फॉर्मवर लिहिणे, इथून सुरुवात व्हावी लागेल. पालकांनाही शाळेला थेट विचारता येईल, की आमच्या मुलाची माहिती कोणाच्या खात्यावर आहे आणि ती कोण पाहू शकते?