कानाला सोसेल, खिशाला परवडेल

सुटीच्या दिवशी मुले हल्ली सतरंजीवर पट न मांडता पडद्यासमोर डाव मांडतात. एक भाऊ पुण्यात, दुसरा कुवेतला, मामूचा मुलगा रत्नागिरीत. हे बंदुका झाडण्याचे खेळ नव्हेत. त्यात पैशाचा डावही नसतो. कधी 1995 साली जर्मनीत निघालेला कॅटान हा पट असतो, कधी डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा गोष्टीचा खेळ. हा दुसरा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला, तो 1974 मध्ये बाजारात आला. एकजण कथा पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला त्यात दास्तानगोईची झलक दिसते. बैठक तीन-चार तास सहज चालते.

अशा खेळात बोलणे हाच खेळ असतो. आमच्या वर्गातला एक हळू आवाजाचा मुलगा दर वाक्याला “काय? पुन्हा सांग” ऐकून थकला आणि चक्क गप्प बसू लागला. सोबत्यांना वाटले, याला गोडी नाही. त्याच्या मोठ्या बहिणीने आपल्या नोकरीतला जुना, एका कानाचा हेडसेट त्याला दिला. तोंडाशी येणारी माइकची दांडी होती, एवढेच. पुढच्या बैठकीत त्याचे पात्र बोलू लागले.

म्हणून खरेदीला निघताना पहिला प्रश्न माइकचा. दुकानात ‘गेमिंग’ लिहिलेले, दिवे लुकलुकणारे हेडसेट पुढे केले जातात. स्फोटांचा दणका आणि मागून येणारी पावले ऐकू यावीत, यावर त्यांचा भर असतो. आपल्या मुलाला त्याचा काय उपयोग? कॉल सेंटरमध्ये वापरतात तसा साधा, वायरचा, दांडीच्या माइकचा हेडसेट हजार रुपयांच्या आत मिळतो, आणि या कामाला तो पुरतो.

खोक्यावरच्या ‘नॉईज कॅन्सलिंग’ या शब्दांनी फसू नका. त्याचे अर्थ दोन. एकात बाहेरचा गोंगाट तुमच्या कानापर्यंत येत नाही. दुसऱ्यात तुमच्या घरातला गोंगाट समोरच्याकडे जात नाही. आपल्याला दुसरा हवा, कारण आपल्या घरात वर पंखा असतो आणि आत कुकरच्या शिट्ट्या. दुकानदाराला स्पष्ट विचारा, हे माइकबद्दल लिहिले आहे की कानाबद्दल? शक्य असेल तर मोबाइलला जोडून, दुकानातला पंखा चालू असतानाच अर्धा मिनिट बोलून ध्वनिमुद्रण ऐका. माइक ओठांसमोर नको, तोंडाच्या कोपऱ्याशी दोन बोटे दूर हवा. नाहीतर श्वासाचे फुत्कारच ऐकू जातात.

बिनतारी ब्लूटूथचा मोह मुलांना फार. पण त्याचा माइक सुरू झाला की बहुतेक स्वस्त हेडसेटमध्ये ऐकू येणारा आवाजही टेलिफोनसारखा दबका होतो. शिवाय ऐन रंगात चार्जिंग संपते. वायर बरी.

वायरचे टोक मात्र घरातले यंत्र पाहून घ्या. पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर एकाच पिनेत कान आणि माइक दोन्ही आहेत. ती बहुतेक लॅपटॉपला चालते. जुन्या संगणकाला दोन वेगळी भोके असतात, त्यासाठी छोटी जोडवायर लागते. नव्या मोबाइलला गोल भोकच नसेल तर टाइप-सी पाहा.

आता कानाचे. तीन तास डोक्यावर राहणारी वस्तू हलकीच हवी. दुकानात निदान दहा मिनिटे घालून बसा. कानाची पाळी दुखली तर ती घरी जास्तच दुखेल. चष्मा असेल तर चष्म्यासकट. कोकणातल्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्या घाम धरतात आणि पापुद्रे सोडतात, कापडी किंवा स्पंजच्या बऱ्या. मुली स्कार्फवरून पट्टा चढवतात तेव्हा कापडामुळे आवाज थोडा दबतो आणि त्या तो वाढवतात. कानावर एकच पातळ पदर येईल असे पाहा, आणि माइक कापडाला घासत नाही ना, तेही. त्या खसखशीने पलीकडचे हैराण होतात.

आवाज किती ठेवावा याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे: मोठ्यांसाठी 80 डेसिबल, मुलांसाठी 75, तोही आठवड्याला 40 तासांपर्यंत. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. घरी डेसिबल कोण मोजणार? हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचे साधे बोलणे मुलाला ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करायला सांगा.

याच कारणाने आमचे मत एका कानाच्या हेडसेटकडे झुकते. दुसरा कान घराला मोकळा राहतो. दादीने पाणी मागितले तर ऐकू येते, आणि वायरवर आवाज बंद करायचे बटण असेल तर घरातले बोलणे कुवेतपर्यंत जात नाही. ज्यांना दोन्ही कान झाकलेलेच हवेत त्यांनी ते घ्यावेत, फक्त बटण असलेले घ्यावेत. घेताना बिल मागून घ्या आणि गाद्या सुट्या मिळतात का ते विचारा. बहुधा आधी त्याच फाटतात.