भाग्यचक्राखालचा माणूस आणि आपले धम्मचक्र



पिंजऱ्यातल्या पोपटाकडून चिठ्ठी काढणारा आता बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावात क्वचित दिसतो. पण त्याचा धंदा बंद झालेला नाही, तो मोबाइलमध्ये शिरला आहे. 'तीनपैकी एक पत्ता निवडा, पुढचा महिना सांगतो' असे टॅरोचे रील्स स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली पोरंपोरीही बघतात. ज्या घरांनी नवस, गंडे-दोरे सोडले त्या घरांतही हे चालते. का? तर त्यात भटजी नाही आणि नाव परदेशी आहे! म्हणून त्या पत्त्यावर नेमके काय छापले आहे, ते एकदा नीट पाहू.

टॅरोच्या दहा क्रमांकाच्या पत्त्याचे नाव 'व्हील ऑफ फॉर्च्युन', म्हणजे भाग्यचक्र. आज सर्वत्र दिसणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. ए. ई. वेट यांनी तो रचला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रे काढली. ढगांत तरंगणारे चाक, माथ्यावर तलवार घेतलेला स्फिंक्स, एका बाजूने उतरणारा साप, दुसऱ्या बाजूने चढणारा कोल्ह्याच्या तोंडाचा इजिप्शियन देव आणि चार कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसलेले पंखवाले जीव. हाडामांसाचा माणूस मात्र कुठेच नाही.

पूर्वी तो होता. टॅरो म्हणजे इजिप्तचे गूढ ज्ञान, ही कथा १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने पुराव्याशिवाय पसरवली. प्रत्यक्षात हे पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले खेळायचे पत्ते! मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या संचात भाग्यदेवीच्या डोळ्यांवर पट्टी आहे. चाकावर एक माणूस चढतो, एक वर बसला आहे, एक घसरतो. आणि सगळ्यात खाली पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओणवा होऊन अख्खे चाक पाठीवर पेलतो.

आमचा सवाल या म्हाताऱ्याचा आहे. बाकीचे तिघे चाकावर आहेत, हा चाकाखाली आहे. चाक कितीही फिरले तरी त्याची जागा कशी बदलणार? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला ही जागा ओळखीची आहे. आपल्याकडे तिला पूर्वजन्मीचे कर्म म्हटले गेले, तिकडे नशीब. नाव वेगळे, ओझे तेच.

काही शिकलेले म्हणतात, टॅरो भविष्य सांगत नाही, तो मनाचा आरसा आहे. ठीक आहे. पण आरशात फक्त आपले तोंड दिसते. अडकलेली शिष्यवृत्ती, रखडलेली भरती, वसतिगृहाच्या अपुऱ्या जागा त्यात दिसत नाहीत. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये व्यक्तीची अडचण आणि समाजाचा प्रश्न यांतला फरक मांडला. टॅरो हा फरकच पुसतो आणि व्यवस्थेचा दोष तुमच्या ग्रहदशेवर ढकलतो.

आता आपले चाक बघा. सारनाथला तथागतांनी धम्मचक्र प्रवर्तित केले, म्हणजे माणसाने ते फिरवले. त्याचे आठ आरे म्हणजे अष्टांगिक मार्ग, आणि त्यातला प्रत्येक आरा आचरणात आणायचा आहे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात भविष्यकथनाची गणना हीन विद्यांत केली आहे. टॅरोचे मुख्य पत्ते २२ आहेत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या प्रतिज्ञाही २२ आहेत. पत्ते सांगतात, काय होईल ते बघा. प्रतिज्ञेत प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने म्हणतो, मी हे करीन, मी हे करणार नाही.

बदनापूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तो कोणत्या भाग्यचक्राने राखीव झाला? संविधानाच्या कलम ३३२ मुळे झाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे शहीद झाले, लाँग मार्च निघाले. ते चाक आपल्या माणसांनी रक्त सांडून फिरवले आहे.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइल म्हणेल 'पत्ता निवडा', तेव्हा तो खाली ठेवा. शिष्यवृत्ती अडली असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, चार जण मिळून समाजकल्याण कार्यालयात जा. चाकाखालच्या म्हाताऱ्याने आधी पाठ सरळ केली पाहिजे. चाक आपोआप कोसळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!