तापाची सूचना तरी आईला कळेल अशी द्या!

सीमाभागातील मराठी बंधू-भगिनींनो,

जूनमध्ये शाळेची घंटा वाजते, मागोमाग पाऊस येतो आणि पावसाबरोबर घराघरांत ताप-खोकला येतो. "व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल" असे म्हणून आपण कामाला लागतो. बहुतेक वेळा तो जातोही. पण दर वेळी जातोच असे नाही, हे 2009 साली आपण पाहिले आहे.

3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीचा तो देशातला पहिला बळी. पुण्यातल्या शाळा आठवडाभर बंद ठेवाव्या लागल्या. पुणे आपल्याला परके नाही. आपली मुले तिथे शिकतात, नोकरी करतात आणि गणपतीला रात्रीच्या गाडीने बेळगावला येतात. पुढे 2015 साली देशात याच आजाराचे 42 हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे 3 हजार मृत्यू नोंदले गेले. मार्च 2023 मध्ये एच 3 एन 2 या फ्लूचा बळी आपल्याच कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात गेला. म्हणजे हा पाहुणा एकदा येऊन गेलेला नाही, तो दरवर्षी येणारा आहे.

मग सरकार काय करते? परिपत्रक काढते. आमच्या गल्लीतल्या एका मराठी शाळेने असेच एक परिपत्रक मुलांच्या वहीत घालून घरी पाठवले. ते पूर्ण कन्नडमध्ये होते. एका मुलाची आई यंत्रमागावर जाते, शिक्षण मराठी चौथी. तिने कागद पाहिला, फीची नोटीस असेल असे समजून डब्याखाली ठेवला आणि मुलाला तापाची गोळी देऊन शाळेत पाठवले. चार दिवसांत त्या वर्गातली निम्मी मुले अंथरुणावर होती. "ताप असल्यास मुलास शाळेत पाठवू नये" हे वाक्य त्याच कागदावर होते!

कोणी म्हणेल, कन्नड शिका. आमची मुले शाळेत कन्नड शिकतातच आणि कन्नड शेजाऱ्याशी आमचे भांडण नाही. त्याच्याही मुलाला तोच ताप येतो. पण आजाराची सूचना ही भाषेची परीक्षा आहे काय? कन्नड मजकुराखाली मराठीत चार ओळी छापल्या तर कन्नडचे काय कमी होते?

आणि ही काही मेहेरबानी नव्हे. 1961 साली झालेल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले, की ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे 15 टक्के वा अधिक लोक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे घटनेचे कलम 350 अ सांगते. शाळा मराठी चालते आणि तिची आरोग्याची सूचना मात्र मराठीत चालत नाही, हा कुठला न्याय?

आता थोडे आपल्या घरातलेही बोलू, कारण सगळे खापर सरकारवर फोडून मुलाचा ताप उतरत नाही. 2014 साली येळ्ळूरचा फलक हटवला गेला तेव्हा आपण रस्त्यावर आलो, लाठ्या खाल्ल्या. त्याचा अभिमान आहेच. पण शाळेच्या नोटीस बोर्डाचे काय? त्या परिपत्रकाचे मराठी करून गल्लीत वाटायला आपल्यापैकी किती जण पुढे आले? एका संध्याकाळचे काम होते. मीही ते केले नाही, हे कबूल करतो.

आपल्या शाळांत शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतात. "तापातसुद्धा आला" म्हणून टाळ्या पडतात. फ्लू झालेले मूल ताप दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे आठवडाभरही इतरांना आजार देऊ शकते. असे मूल बाकावर बसवणे हे कौतुक नव्हे, शेजारच्या बाकावरच्या मुलावर अन्याय आहे.

आणि जी आई मुलाला तापात शाळेत पाठवते ती निर्दयी नाही. मी बँकेत नोकरी करतो. मुलगा आजारी पडला तर अर्ज लिहितो, रजा मिळते, पगार कापला जात नाही. मागावर किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या आईचे तसे नाही. ती घरी बसली की रोज बुडाला. शाळा बंद झाली की मुलाचे दुपारचे जेवणही बुडाले. फ्लूची लस सरकारी लसीकरणात नाही, ती पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. म्हणजे साथ सगळ्यांना येते, पण तिचा खर्च गरिबाच्याच खात्यावर पडतो.

म्हणून शासनाकडे तीन मागण्या. आरोग्याची प्रत्येक सूचना या भागात मराठीतही निघावी. साथीमुळे शाळा बंद ठेवल्यास दुपारच्या जेवणाचे धान्य घरी मिळावे. आजारी मुलाच्या गैरहजेरीबद्दल त्याचे नुकसान होऊ नये.

आणि तीन कामे आपली. हजेरीचे बक्षीस बंद करा. औषधाशिवाय ताप उतरून 24 तास झाल्याखेरीज मुलाला शाळेत पाठवू नका. तिसरे, प्रत्येक गल्लीत ज्यांना दोन्ही भाषा येतात अशा दोघा-तिघांनी सरकारी सूचना मराठीत लिहून लावावी. त्यात ठळक अक्षरांत एवढे असावे : मुलाला धाप लागली, ओठ निळे पडले, मूल गुंगीत राहिले, पाणीही पिईना, तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर त्याचा उपयोग जास्त. दुकानातून मनाने आणलेल्या अँटिबायोटिकचा विषाणूवर काही उपयोग होत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर आपली मुले धडधाकट राहिली पाहिजेत. हक्क मागायला उद्या तीच उभी राहणार आहेत.

जय महाराष्ट्र!