टप, दांडी आणि काडेपेटी

विषय माझ्या प्रांतातला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण निवृत्तीनंतर घरात मुलं, पुतणे, नातवंडं यांच्या गप्पा ऐकायला वेळ मिळतो, आणि गेलं वर्षभर आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी एकच शब्द आहे : स्ट्रट बार. पुतण्याच्या मुलाने चार-पाच हजार खर्चून आपल्या स्विफ्टला ही लाल दांडी बसवून घेतली. बॉनेट उघडून सगळ्या आळीला दाखवली. "नाना, आता गाडी रुळावर चालल्यासारखी वळते!" असं त्याचं म्हणणं. मग मी वाचायला लागलो, ओळखीच्या मिस्त्रीला विचारलं, आणि जे समजलं ते इथे मांडतो आहे.

आधी ही दांडी म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकावर एक उभा शॉकअप असतो. मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरने ही रचना काढली आणि 1950 च्या सुमारास फोर्डच्या इंग्लंडमधल्या गाड्यांत ती आली. या शॉकअपचं वरचं टोक बॉनेटखाली पत्र्याच्या एका खांबात अडकवलेलं असतं. डावीकडे एक खांब, उजवीकडे एक. स्ट्रट बार म्हणजे या दोन खांबांची डोकी जोडणारी आडवी दांडी. खांब हलू नयेत, गाडीचा सांगाडा ताठ राहावा, म्हणून ती लावायची.

ऐकायला पटतं. पण गाडी वळताना नेमकं काय होतं ते पाहा. गाडी उजवीकडे वळते तेव्हा दोन्ही खांबांची डोकी एकाच बाजूला, म्हणजे डावीकडे, ढकलली जातात. दोघं एकाच दिशेने निघाले, तर दोघांच्या हातातली काठी त्यांना कशी अडवणार? तीही बरोबर सरकते. बाहेरच्या चाकावर जोर जास्त असतो, तेवढा फरक ती दोघांत वाटून देते, इतकंच. शेतातलं फाटक आठवा. चार फळ्यांचं फाटक कितीही जाड केलं तरी काही दिवसांनी कलतं. त्याला तिरपी पट्टी ठोकली की त्रिकोण होतो आणि ते उभं राहतं. म्हणूनच ज्या दांडीला तिसरा पाय असतो आणि तो मागे, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याला बांधलेला असतो, तिला काही अर्थ आहे. नुसती सरळ, चकचकीत दांडी ही बरीचशी दागिन्यात मोडते.

आता काडेपेटी घ्या. खरोखर घ्या, घरात असेलच. आतला खण बाहेर काढा आणि दोन टोकांना धरून पिळा. सहज पिळला जातो. तोच खण टोपणात सरकवून पिळा. आता जोर लावावा लागतो. तळ, बाजू आणि झाकण मिळून बंद पेटी झाली की ती पिळवटत नाही. आता खण पुन्हा बाहेर काढा, एका टोकाला वरच्या अंगाला एक काडी आडवी चिकटवा, सुकू द्या आणि परत पिळा. पीळ जवळजवळ पहिल्यासारखाच! कारण मधली सगळी लांबी अजून उघडी आहे. स्ट्रट बारचा सगळा वाद मला या तीन वेळच्या पिळण्यात दिसतो.

म्हणजे बंद गाडीत ताठपणाचं मोठं काम टप करतो. त्याच्या जोडीला तळ, दारांखालचे उंबरे आणि काचांच्या चौकटी. डिसेंबर 1983 मध्ये आलेली मारुती 800 अशीच होती, आणि तिच्या आधीच्या अँबॅसेडर आणि पद्मिनीसुद्धा. यांना वेगळी चेसी नाही, पत्र्याची पेटी हीच चेसी. जीपचं मात्र वेगळं. तिच्या खाली शिडीसारखी जाड लोखंडी चेसी असते, वरचं अंग नुसतं ठेवलेलं. म्हणून आपल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांवर ताडपत्री असो वा नसो, पारोळा-एरंडोल करत त्यांनी हाडं खिळखिळी केली ती आपली, स्वतःची नाही. 1960 च्या दशकात मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड काही जणांना आठवत असेल. तिलाही वेगळी चेसी होती. तिच्या इंग्लंडमधल्या बहिणीची, ट्रायम्फ हेराल्डची, उघडी गाडी निघाली ती त्याच चेसीवर.

मग परदेशात उघड्या स्पोर्ट्स गाड्या बनतात त्या कशा? त्या पहिल्यापासून बिनटपाच्या म्हणून आखलेल्या असतात. 1996 च्या लोटस एलिसला अॅल्युमिनियमच्या खोक्यासारख्या पट्ट्या डिंकासारख्या रसायनाने चिकटवून केलेली चेसी होती. वजन फक्त 68 किलोच्या आसपास, पण बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उंबरे इतके उंच की आत शिरताना कसरत. हे उंच उंबरेच तिचा ताठपणा. माझदाने 1989 मध्ये आपली छोटी उघडी मिआटा आणली, आणि 1994 च्या सुधारणेत तिला आणखी आधार दिले. ते कुठे? गाडीच्या पोटाखाली पुढे-मागे, आणि सीटच्या मागे एक आडवी पट्टी. जिथे पेटी उघडी, तिथेच टाके घातले. पुढे काही मॉडेलांत कंपनीने स्वतः स्ट्रट बारही दिला, पण तो सगळ्यात शेवटी. आधी जेवण, मग विडा.

तेव्हा माझं मत असं. बंद गाडीत ही दांडी थोडा फरक करत असेल. चाकं रुंद असतील, गाडी जोरात वळणावर घातली जात असेल, दांडीला तिसरा पाय असेल, तर स्टिअरिंगला जरा जास्त. पण जळगाव-धुळे रस्त्यावर ट्रकच्या मागे जाणाऱ्याला तो कळेल, असं मला वाटत नाही. "पण नाना, फरक जाणवतो!" याला माझं उत्तर एकच : मिस्त्रीला सांग, दांडी कधी लावायची, कधी काढायची ते तू ठरव, मला कळू देऊ नको. मग पाच वेळा एरंडोलपर्यंत जाऊन ये आणि सांग कधी होती, कधी नव्हती. पाचही बरोबर आले तर पैसे मी देतो. अजून पोरगा तयार झालेला नाही.

इथवर ही पैशाची आणि हौसेची गोष्ट झाली. हौसेला मोल नसतं, करू दे. माझी खरी काळजी पुढची आहे. आपल्याकडे लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीला 'ओपन कार' लागते. ती येते कुठून? जुन्या बंद गाडीचा टप कटरने कापून. काळजी बोलून दाखवली की उत्तर मिळतं, "काही नाही सर, पुढे दांडी टाकलीय, मजबूत केलीय." काडेपेटीचं टोपण फेकून द्यायचं आणि टोकाला एक काडी चिकटवायची, तसंच हे. मी एका वरातीत पाहिलं, अशा गाडीचं दार सुतळीने बांधलेलं होतं, कारण ते नीट लागतच नव्हतं. दार का लागत नाही? गाडी मधून खाली बसली, चौकट वाकडी झाली म्हणून. आणि मागच्या सीटवर नवरा-नवरी, करवली, शिवाय तीन लहान पोरं उभी. गाडी उलटली तर डोक्यावर काय आहे? मुंडावळ्या!

पारख सोपी आहे. भाड्याने घेण्याआधी मालकाला एक चाक जॅकवर उचलायला सांगा आणि दारं उघडून लावून पाहा. एखादं दार अडलं तर ती गाडी पिळवटते आहे. मात्र दारं लागली म्हणून गाडी सुरक्षित, असं समजू नका. कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली.

वरात मिरवायचीच असेल तर घोडा आहे, बैलगाडी आहे, मूळचीच उघडी असलेली जीप आहे. आणि दांडीवर खर्च करायला निघालेल्या पोरांना सांगणं एवढंच की आधी टायर बघा, अलाइनमेंट करा, झिजलेले बुश बदला. मग पैसे उरले तर खुशाल लाल दांडी लावा. बॉनेट उघडल्यावर छान दिसते, हे मी नाकारत नाही.

तुमच्या घरी कोणी लावली असेल तर त्याचा अनुभव जरूर कळवा. पण आधी काडेपेटी पिळून बघा बरं का!